त्रेसष्टचं पातं

४ जानेवारी, रविवार

निवृत्त होऊन आज चौथा दिवस. चौतीस वर्षं हत्यारांच्या कारखान्यातली टेस्टिंग रूम सांभाळली आणि निरोपाला साहेबांनी भिंतीवरचं घड्याळ दिलं. ज्याला आता कुठेच वेळेवर पोचायचं नाही, त्याला घड्याळ! ही डायरी बेअरिंगवाल्याने दिली. तो दरवर्षी देतो आणि मी दरवर्षी तिच्यात रीडिंगं लिहितो. यंदा रीडिंगं नाहीत, तर म्हटलं, जे घडेल ते लिहू.

आज घडलं ते एवढंच. आमची ही नर्सरीत कलमं बांधायला जाते, सव्वीस वर्षं जातेय. रविवारी सुट्टी असते. दुपारी तिने आपला मिटायचा चाकू माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "याचा खिळा ढिला झालाय. पातं हलतं. जरा ठोकून द्याल का?"

चाकू तिला नर्सरीतल्या जुन्या माळीबाबांनी दिलेला. धार लावून लावून पातं निम्मं उरलंय. मी उजेडात धरून बघितलं. त्यावर ना कंपनीचा शिक्का, ना पोलादाचा नंबर. सव्वीस वर्षं बाई रोज हातात धरतेय आणि ते कशाचं आहे हे तिला ठाऊक नाही. मी म्हटलं, "खिळ्याचं सोड, आधी पोलाद काय आहे ते बघू."

"पोलाद चांगलंय," ती म्हणाली. "खिळा ढिला आहे."

७ जानेवारी

सकाळी कारखान्यात गेलो. गेटवरचा अजून सलाम ठोकतो. माझ्या खुर्चीवर आता एक चष्मेवाला बसतो. त्याने मुकाट्याने मशीन मोकळं करून दिलं.

हार्डनेस मशीनचं काम सरळ आहे. हिऱ्याचं बारीक टोक पोलादात दाबायचं आणि ते किती आत शिरतं त्यावरून आकडा काढायचा. आकडा मोठा, तितकं पोलाद कडक. एकदा दाबून भागत नाही. तीनदा दाबायचं आणि सरासरी काढायची, हा माझा चौतीस वर्षांचा नियम. एक्कावन्न, पन्नास, एक्कावन्न; चांगल्या पात्याला साठच्या आसपास तरी हवा. म्हणजे कलमं बांधणं नव्हे, चमच्याने दाढी करणं. तिसऱ्यांदा दाबताना पात्यावर जागा उरली नव्हती, त्यामुळे ठिपका धारेच्या अगदी जवळ पडला.

भट्टीवाला चहाला आला. पोलाद तापवून कडक करण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही, आणि माझा म्हणावा असा तो एकच मित्र. म्हणाला, "वहिनींचा चाकू ना? मग मशीनवर कशाला घातलास? काहीतरी कापून बघायचं."

"कापून काय, कोणीही बघेल," मी म्हटलं.

त्यावरून ग्राइंडरवाल्याची आठवण निघाली. पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. त्याने दोनशे पाती घाईघाईत चाकावर घासली. पोलाद चाकावर तापलं की त्याला निळी झाक येते, आणि निळी झाक आली की धार मेली. वरून कितीही तासा, ती टिकत नाही. पठ्ठ्याने निळं पुसून माल माझ्याकडे आणला. मी भिंग लावलं आणि पकडलं. हात जोडत होता, घरी अडचण आहे म्हणत होता. मी म्हटलं, अडचण पात्याला कळत नाही. त्याच आठवड्यात त्याला काढलं. भट्टीवाला हे ऐकताना नेहमी चहात बघतो, आजही बघत होता.

संध्याकाळी हिला आकडा सांगितला. तिने चाकू उलटसुलट करून बघितला, अंगठा फिरवला. "हे तीन खड्डे कसले?"

"खड्डे नव्हेत, ठिपके. तपासणीचे."

"पातं लाकडावर सपाट टेकावं लागतं. हे टोचणार आता." मग पातं खिळ्यापाशी हलवून, "आणि खिळा?"

खिळा राहिलाच.

११ जानेवारी

तिसऱ्या ठिपक्यापासून धारेपर्यंत चीर गेली. ती दगडावर ठिपक्याच्या कडा घासून सपाट करत होती, तेव्हा गेली. तिने आवाज दिला नाही. मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो तर ती ओट्याशी चाकू हातात धरून नुसती उभी.

मला खरंच वाईट वाटलं. माळीबाबा जाताना देऊन गेले होते, हे मला ठाऊक आहे. पण जे पोलाद एक ठिपका सोसत नाही ते आज ना उद्या जाणारच होतं. हंगामात गेलं असतं तर? तसं तिला म्हटलंही. ती म्हणाली, "हंगाम महिन्यावर आलाय."

"मग मी आहे ना," मी म्हटलं. "असा चाकू निवडून देतो की अख्खी नर्सरी बघत राहील."

तिने जुना चाकू मिटला आणि पुसून ट्रंकेत ठेवला.

१२ जानेवारी

आज जेवताना तिने आपणहून सांगितलं, म्हणजे गोष्ट मोठीच असणार. नर्सरीत संत्र्याचं एक मूळ झाड आहे, मालकीणबाईंच्या सासऱ्यांनी लावलेलं. त्याच्यासारखं फळ दुसरीकडे नाही. आता खोड आतून कुजलंय, पुढचा हंगाम ते बघणार नाही. तेव्हा फेब्रुवारीत त्याच्या काड्या उतरवून एकशे वीस कलमं बांधायची आणि झाडाचा वंश राखायचा. हे काम मालकीणबाईंनी हिला एकटीला दिलंय. साधली तर कलमांच्या शेडची प्रमुख हीच, आणि शेडला लागून असलेली खोली तिला राहायला.

"राहायला कशाला?" मी विचारलं. "बसने तासाभरात घरी येता येतं."

"हंगामात पहाटे काड्या उतरवतात," ती म्हणाली.

"आणि हंगाम संपला की?"

"बघू."

एक खाट, एक नळ आणि पत्र्याचं छप्पर, त्याचं एवढं कौतुक! पण सांगताना तिचा चेहरा असा होता की मी पुढे बोललो नाही. ती हसली की गालाला एका बाजूलाच खळी पडते, हे मी विसरलो होतो.

१७ जानेवारी

चाकूचं मनावर घेतलंय. तीन दुकानं झाली. पोलादाच्या तीन जाती समोर आहेत. एक, साधं कार्बनचं. धार सुरेख येते, कुठल्याही दगडावर लागते, पण पुसून ठेवलं नाही तर गंजतं. दुसरं, न गंजणारं. बरं असतं, पण मला त्यात राम वाटत नाही. तिसरं, पावडरचं पोलाद: पूड करून, दाबून, भाजून केलेलं. आकडा त्रेसष्टपर्यंत जातो. धार महिनोन्‌महिने हलत नाही म्हणतात.

दुकानदारांना यातलं ओ की ठो कळत नाही. मी हार्डनेस विचारला तर एक म्हणाला, "काका, चाकू घ्यायचाय की मुलीला स्थळ बघताय?" दुकानातली माणसं हसली. मी त्याला कार्बन आणि न गंजणाऱ्यातला फरक पंधरा मिनिटं समजावून सांगितला. हसणारे निघून गेले.

२४ जानेवारी, शनिवार

हिला बरोबर नेलं. चूक झाली. मी मालकाशी बोलतोय तोवर तिने काउंटरवरचा लाकडी मुठीचा, कार्बनचा, साधा चाकू उचलला. अंगठ्याने उघडला, मिटला, परत उघडला. दुकानासमोरच्या कुंपणाची एक काडी आणून तिला तिरपा काप दिला. काप बोटावर ठेवून श्वास रोखून बघत राहिली.

"हा," म्हणाली.

"अगं, हा सत्तावन्नच्या वर नसणार. आणि गंजेल."

"मी पुसते. सव्वीस वर्षं पुसतेय."

"पण गंजेल."

दुकानदार म्हणाला, "काका, वापरणार कोण, तुम्ही की त्या?" असल्या माणसांमुळेच धंद्याचा दर्जा घसरतो. आम्ही काही न घेता परतलो. वाटेत ती बोलली नाही. मला वाटतं, पावडरच्या पोलादाचं मी सांगितलेलं तिला पटलं असावं.

२९ जानेवारी

पावडरच्या पोलादाचा चाकू घेतला. तसाच थेट कारखान्यात. त्रेसष्ट, त्रेसष्ट, साडेत्रेसष्ट! इतक्या वर्षांत मिटायच्या चाकूत असा आकडा बघितला नव्हता. चष्मेवाल्यालासुद्धा दाखवला. बसमध्ये खिशात हात घालून तो दोनदा चाचपला, लिहायला हरकत नाही.

हिने हातात घेऊन तोलला. "जड आहे. आणि याला दोन्ही बाजूंनी उतार आहे. कलमाच्या चाकूला एकाच बाजूने लागतो, दुसरी बाजू सपाट."

"करून देतो."

"आमच्या शेडमधल्या दगडावर याला धार लागायची नाही."

"अगं, लावायची वेळच येणार नाही. तेच तर आहे!"

"शेडमधल्या कोणाकडे नाही असला," ती म्हणाली. मी म्हटलं, हीच तर गंमत आहे.

३१ जानेवारी

एका बाजूचा उतार काढायला कारखान्यातला ग्राइंडर वापरला. हे पोलाद हट्टी, चाकाला दाद देईना. जेवणाची सुट्टी संपायच्या आत उरकायचं म्हणून जरा दाबून धरलं. धारेला किंचित निळी झाक आली. अगदी किंचित. बारीक पॉलिश पेपरने घालवली, आता दिसतसुद्धा नाही. लगेच मशीनवर घातलं: परत त्रेसष्ट. मशीन धारेवर टेकत नाही, तिथे जाडी पुरत नाही, तेव्हा नेहमीप्रमाणे मधोमध दाबलं. त्रेसष्ट म्हणजे त्रेसष्ट. कागद धरून बघितला, सुर्रकन गेला.

भट्टीवाला आज रजेवर होता. बरं झालं. उगाच काहीतरी बोलला असता.

९ फेब्रुवारी

तिने चाकू आठवडाभर वापरला. आज म्हणाली, "धार राहत नाही. दहाबारा काप झाले की काडी चिरडायला लागते."

मी म्हटलं, होऊच शकत नाही.

"काप चिरडला की कलम धरत नाही. आतली ओली साल सालीला भिडावी लागते."

"त्रेसष्ट आहे. तुझा जुना एक्कावन्न होता. बारा आकड्यांचा फरक आहे. बारा!"

"दगडावर लावायला गेले तर दगडच झिजतो."

"मग हात बघ तुझा. सव्वीस वर्षं मऊ पोलादाची सवय, जोर जास्त लागत असेल."

तिने दोन्ही तळहात उलटे करून स्वतःच बघितले. तिला लागलं असेल ते. पण आकडा खोटं बोलत नाही आणि माणसाचा हात बोलतो, हे मी चौतीस वर्षं बघितलंय.

१५ फेब्रुवारी

लेकीचा फोन आला. ती नवऱ्याच्या नोकरीपायी दूर असते. आधी आईशी बोलली, दार लावून, बराच वेळ. मग मला म्हणाली, "बाबा, आईला तिच्या मनासारखं करू द्या ना हे. एवढं एकच."

"मी कुठे अडवतोय? उलट चाकू मीच आणून दिलाय."

"चाकूचं नाही म्हणत मी," ती म्हणाली. मग कशाचं, विचारलं तर "काही नाही, औषधं घेता ना वेळेवर?" आईवर गेलीय. निम्मं वाक्य ओठांत ठेवते.

१९ फेब्रुवारी

उद्या मूळ झाडाच्या काड्या उतरवायच्या आहेत. त्रेसष्टला तेल लावून द्यावं म्हणून संध्याकाळी ती भाजी आणायला गेली तेव्हा तिची पिशवी उघडली. आत तो नव्हताच. त्याच्या जागी तो लाकडी मुठीचा, कार्बनचा, साधा चाकू! माझ्या नकळत जाऊन घेऊन आली. पात्यावर झाडाचे डाग आहेत, म्हणजे बरेच दिवस वापरतेय. माझा चाकू ट्रंकेत सापडला, जुन्या चिरलेल्याच्या शेजारी, त्याच फडक्यात.

मी पलंगावर बसून राहिलो. राग आला. मग रागाहून वाईट काहीतरी आलं, त्याला काय म्हणावं ठाऊक नाही. ती रोज संध्याकाळी "कसा चालतोय?" या माझ्या प्रश्नाला "बरा" म्हणत होती.

पिशवीत एक कागदही होता, खोलीसाठीच्या सामानाची यादी, तिच्या अक्षरात. खाट एक. उशी एक. ताट एक. वाटी एक. पेला एक. दिवा. आरसा, लहान. कुलूप एक.

मोजण्याच्या बाबतीत ही पहिल्यापासून कच्ची. मी रविवारी गेलो तर जेवायचं कशात? पेन्सिलीने ताट, वाटी, पेला आणि उशी यांच्यापुढच्या एकाचे दोन केले. कुलूप एकच राहू दिलं, त्याच्यापुढे लिहिलं, 'किल्ल्या दोन'.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी ती आंघोळीला गेली तेवढ्यात लाकडी मुठीचा काढून घेतला आणि त्रेसष्ट ठेवला. नव्याने तासून, केस उडेल अशी धार करून. आज मोठा दिवस आहे. मोठ्या दिवशी माणसाच्या हातात चांगली वस्तू असावी, आणि एकदा मोठं काम त्याने केलं की तिचं तोंड आपोआप बंद होईल.

संध्याकाळ: साडेसातला आली. उजव्या अंगठ्याचं कातडं सोललेलं. मी विचारलं, "कसा चालला?"

"तो चालला नाही," ती म्हणाली. "मी चालवला."

हळदीचा लेप लावून बसली आणि मग एकसुरात सांगत गेली. काड्या उतरवून झाल्या, मग तिने पिशवी उघडली. उतरवलेली काडी थांबत नाही, सुकते. ऊन चढत होतं. घरी येऊन परत जायला दोन तास. मी म्हटलं, एवढं होतं तर दुसऱ्या कोणाचा चाकू मागायचा. तिने समजावून सांगितलं. कलमवाले हंगामात आपला चाकू दुसऱ्याला देत नाहीत. चाकूबरोबर एका झाडाचा रोग दुसऱ्या झाडाला जातो. आणि मागायचा तर नसतोच. ज्याच्याकडे आपला चाकू नाही तो कलमवाला नाही, असं मानतात. "आणि मला तर सगळ्यांची प्रमुख व्हायचं होतं," ती म्हणाली.

एकशे वीस बांधली मात्र. शेवटची चाळीस, म्हणाली, चाकूने कापली की दाताने, सांगता येणार नाही.

"माझा कुठे आहे?" तिने विचारलं.

"कपाटात आहे. मशीनवर घालून सत्तावन्न येतो की नाही ते बघणार आहे."

"घाला," ती म्हणाली.

१ मार्च

कलमाचा निकाल सहा आठवड्यांनी लागतो. तोवर सांध्याला गुंडाळलेली पट्टी सोडायची नाही, हलवायचं नाही, बघत बसायचं. मला हे मानवलं नसतं. टेस्टिंग रूममध्ये तीन मिनिटांत निकाल.

ती रोज जाते, रोज येते. लाकडी मुठीचा तिला परत दिला. सत्तावन्नच निघाला, मी म्हटलं होतं तसा. तीन ठिपके बघून तिने तो पुसला आणि पिशवीत ठेवला. यादीचा कागद पिशवीत दिसत नाही.

४ एप्रिल, शनिवार

एकशे विसातली नऊ धरली.

मूळ झाडाला परवाच्या वाऱ्यात खोडाशी तडा गेला आणि ते आडवं झालं. म्हणजे आता परत काड्या मिळणं नाही. मालकीणबाई वाईट बोलल्या नाहीत म्हणे. हिचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "वय होतं माणसाचं, बाई, हातही थकतो." शेडप्रमुख म्हणून बाहेरून कोणीतरी येतेय. खोलीही त्या नव्या बाईला.

हे सगळं तिने चप्पल काढता काढता सांगितलं. मग स्वयंपाकघरात गेली. मी खूप वेळ ऐकत होतो, रडते की काय म्हणून. नुसतं भांडी घासल्याचा आवाज येत होता. नंतर बघितलं तर ती घासलेलीच भांडी परत घासत होती.

मला तिची फार कीव आली. हात खरंच थकला असेल. मी तर ते फेब्रुवारीतच म्हटलं होतं.

७ एप्रिल

दोष पोलादाचा नाही हे एकदा कागदावर असावं म्हणून चाकू घेऊन कारखान्यात गेलो. त्रेसष्ट, साडेत्रेसष्ट, त्रेसष्ट. चष्मेवाल्याची सही घेत होतो, तेवढ्यात भट्टीवाला आला. आकड्याकडे त्याने बघितलंच नाही. चाकू खिडकीशी नेला, धारेला भिंग लावलं.

"ही घासली कोणी?"

मी सहीचा कागद घडी घालून खिशात ठेवला.

"जळलीये. वरून पुसलंय, पण बघ ना, मुळाशी निळं आहे अजून. असल्या धारेने लोणीसुद्धा धड कापायचं नाही." मग भिंग माझ्यापुढे धरलं. "तूच बघ. तुझ्याइतकं कोणाला कळतंय?"

मी बघितलं. निळं होतं.

"दुकानदाराने," मी म्हटलं. "दुकानदाराने घासून दिली."

"मग त्याला जाऊन धर," भट्टीवाला म्हणाला. "ग्राइंडरवाल्याला धरलं होतंस तसा." आणि माझ्याकडे असा बघत राहिला की त्याला काय वाटलं ते मला विचारायचं नाही.

बसमध्ये ठरवलं, तिला सांगायचं नाही. सांगून काय होणार? झाड गेलं, खोली गेली. उलट आपला हात चांगला होता हे कळलं तर तिला जास्तच लागेल. थकला म्हणून गेला, यात निदान कोणाचा दोष नाही. हे मी तिच्यासाठीच करतोय.

आत्ता लिहिलेलं वाचलं. खोडावंसं वाटतं, पण मी रीडिंग कधी खोडलेलं नाही.

१२ एप्रिल, रविवार

तिने नर्सरी सोडली. थकल्या हाताच्या बाईला कलमासाठी वाढवलेल्या खुंटरोपांना पाणी घालायच्या कामावर ठेवत होते, ती नको म्हणाली.

दुपारी समोर येऊन बसली. हातात ती यादी. घडी पडून पडून मऊ झालेली.

"हे एकाचे दोन तुम्ही केलेत?"

"हो. तू मोजायला चुकली होतीस."

ती हसली. तीन महिन्यांत पहिल्यांदा. खळी पडली नाही.

"किल्ल्या दोन," ती वाचत होती. "म्हणजे यादी वाचलीत, आणि म्हणून दुसऱ्या दिवशी चाकू काढलात."

"यादीचा नि चाकूचा काय संबंध?"

ती किती वेळ माझा चेहरा बघत होती. मी पण तिचा बघत होतो. मला खरंच कळत नव्हतं. मग तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला आणि ती म्हणाली, "नाही. तुम्हाला नव्हतंच कळलं. अगं बाई, तुम्हाला कळलंच नव्हतं." आणि उठून गेली. कळून केलं असतं तर तिला बरं वाटलं असतं की काय, असं तिच्या बोलण्यावरून वाटत होतं. बायकांचं काही सांगता येत नाही.

एक मात्र खरं. ती दिवसभर घरी असते त्यामुळे घर भरल्यासारखं वाटतं. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच चहा वेळेवर मिळतोय.

२६ एप्रिल

मालकीणबाईंनी धरलेल्या नवातलं एक कलम कुंडीत लावून हिला पाठवून दिलं. गॅलरीत ठेवलंय. वीतभर उंच, चार पानं, सांध्याला पट्टी. सकाळी ती त्याच्यासमोर स्टूल घेऊन बसते. पाणी घालते ते चमच्याने. त्याच्याशी बोलतेही, असा मला संशय आहे, कारण मी गॅलरीत गेलो की आवाज थांबतो.

मी आज मनाशी म्हटलं, हिच्यासाठी काहीतरी करावं. तिच्या जुन्या चाकूचा खिळा आठवला. ट्रंकेतून काढला, हातोडीने दोन ठोके दिले. पाच मिनिटांचं काम होतं. पातं हलायचं थांबलं. तिच्या हातात दिला. तिने उघडला, चिरेवरून अंगठा फिरवला, मिटला.

"छान बसलाय," ती म्हणाली. मला बरं वाटलं.

३ मे, रविवार

आज पट्टी सोडली. तिनेच सोडली, नखाने, अर्धा तास लावून. सांधा भरून आलेला दिसत होता. मला बोलावून दाखवला. आपणहून बोलावलं, हे लिहून ठेवतो. "धरलंय बघा," म्हणाली. मग कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली.

मी तिच्या स्टुलावर बसून बघत होतो. दिसायला भरलेला होता, पण दिसण्याचं काय! माझ्या टेबलावर दिसायला चांगली अशी हजारो पाती येऊन गेली. सांध्याची ताकद वरून कळत नाही. त्या चिरडलेल्या कापांतलाच हा एक, आतून धरलंय की नुसतं चिकटलंय? धरलं असेल तर माझ्या चाकूने बांधलेलंही धरतं, एवढं तरी सिद्ध होईल. मला हे कळायला हवं होतं. रात्री झोप लागत नाही हल्ली.

म्हणून अंगठा टेकवून अगदी थोडा दाब दिला. मग जरा जास्त. दोनदा काही झालं नाही. तिसऱ्यांदा कट् झालं.

वरचा भाग चार पानांसकट माझ्या हातात आला. सांधा निम्मा हिरवा होता, निम्मा तपकिरी. म्हणजे निम्मं धरलं होतं. वर्षभरात उरलेलं भरलं असतं की नाही, सांगता येत नाही.

मागे वळलो तर ती दारात, रिकामी बादली घेऊन. केव्हापासून उभी होती कोण जाणे. मी म्हटलं, "कच्चाच होता अगं. आज ना उद्या जाणारच होता."

तिने माझ्या हाताकडे बघितलं. मग माझ्याकडे. आवाज अगदी साधा होता, बाजारातून काय आणू असं विचारावं तसा.

"किती आलं?" तिने विचारलं.

मला आधी कळेना. मग कळलं, रीडिंग विचारतेय. मी तिला समजावून सांगितलं की कलमाला असा आकडा नसतो, ते पोलादाचं असतं. तिने सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि चहा ठेवायला आत गेली.